ताईच्या हाताला पेलेल असा रॉड

हिमाचलमधल्या ट्राउट मासेमारीवर इथे लिहिलं, तेव्हापासून मला अधूनमधून एकच प्रश्न येतो: नवशिक्याने फ्लाय फिशिंगचा स्वस्तातला रॉड कोणता घ्यावा? मी आजवर टाळत आलो. खरं सांगायचं तर तिथे मी तीन दिवस भाड्याच्या रॉडवर शिकलो होतो, स्वतःचा कधी घेतलाच नव्हता. या हिवाळ्यात मात्र घ्यावा लागला, आणि तोही माझ्यासाठी नाही.

माझी सुनंदाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली आणि आता उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीला असते. दीड वर्षापूर्वी तिला कॅन्सर निघाला. नांदेडला ऑपरेशन झालं, उजवा स्तन काढला, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो, मग रेडिएशन. त्या सगळ्या काळात मी तिला भेटायला एकदा गेलो. सकाळी पोचलो, संध्याकाळच्या गाडीने परत. नागपुरात मी चष्म्याच्या दुकानात कामाला आहे, दुकान सोडता येत नाही, असं सगळ्यांना सांगितलं.

जानेवारीत भाऊजींचा फोन आला. ते कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, "रिपोर्ट चांगले हायेत गड्या. पण तुही ताई तो हात उचलतच नाही. व्यायाम करत नाही, बाहेर निघत नाही. विहारात जाणंबी सोडलं तिनं."

"काय म्हणते?"

"म्हणते, भिंतीवर बोटं चढवत बसाले मी येडी झाली का?"

फोन ठेवल्यावर मला बोरी अरबची अडाण नदी आठवली. आम्ही तिथेच वाढलो. बांबूच्या काठीला दोरा आणि गळ बांधून मासे धरायला मला ताईनेच शिकवलं. गांडूळ गळाला लावताना मी डोळे मिटायचो, ती हसायची. तिला परत पाण्याकाठी नेलं तर? फ्लाय फिशिंगमध्ये हात डोक्यापर्यंत वर जातो, मागे थांबतो, पुढे येतो. व्यायामच की तो.

आधी तिच्या फिजिओथेरपिस्टबाईंना फोन केला. त्या पहिल्यांदा हसल्या, मग गंभीर झाल्या. "काठीचं वजन किती?" मला माहीत नव्हतं. "हलकी असेल तरच. दहा मिनिटं, मग विश्रांती. दुखलं की बंद. आणि त्या हाताला गळ टोचता कामा नये, गाठी काढल्यावर हाताला सूज लवकर येते, साधी जखमसुद्धा तिला महागात पडेल. पूर्ण बाह्यांचं घालायला लावा."

आता रॉडचं. माझी पहिली खरेदी चुकली, ती आधी सांगतो म्हणजे तुमची चुकणार नाही. दुकानदार म्हणाला, "मोठा मासा लागला तर? दणकट घ्या." मी आठ नंबरचा, फायबरग्लासचा जाड रॉड आणि लखलखीत मोठं रील घेऊन आलो. आमच्या शेजारच्या सराफाने आपल्या काट्यावर दोन्ही ठेवून पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, हे आजारी माणसाच्या हातात देणार?" दुसऱ्या दिवशी परत केलं.

नंबर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. साध्या गळाला शिसं बांधतात आणि शिशाच्या वजनाने गळ लांब जातो. इथे गळाला पिसांचा एवढासा नकली किडा असतो, त्याला वजनच नाही. म्हणून जड असते ती दोरी, आणि फेकायची असते ती दोरीच. रॉडचा नंबर दोरीच्या वजनाला जुळवलेला असतो. नवशिक्याला साधारणपणे पाच नंबरचा, नऊ फुटी, कार्बनचा, चार तुकड्यांत सुटणारा रॉड सुचवतात, आणि ते बरोबर आहे. वाऱ्यातही तो टिकतो. पण मी ताईसाठी एक पायरी खाली उतरलो. चार नंबर, साडेआठ फूट. सराफाच्या काट्यावर तो एखाद्या पेरूपेक्षा हलका भरला. वाऱ्यात त्याचं जमणार नाही हे कळत होतं, पण वारा नसताना, सकाळीच जायचं, असं ठरवलं.

रीलवर पैसे घालवू नका. तळहाताएवढ्या मासळीसाठी रील म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, बाकी काही नाही. साधं अॅल्युमिनियमचं घेतलं. दांडी डावीकडे बसवता येते की नाही तेवढं पाहा, म्हणजे उजव्या हाताला रॉड सोडावा लागत नाही. वाचलेले पैसे दोरीवर घाला. सेटबरोबर आलेली दोरी स्प्रिंगसारखी वेटोळी होत होती, म्हणून तरंगणारी चांगली दोरी वेगळी घेतली. सगळं मिळून आठ हजारांच्या थोडं आत बसलं. गळ घेतले ते बिनकाट्याचे, म्हणजे टोकाला उलटा दात नसलेले. मासा निसटतो कधीकधी, पण कपड्यातून आणि कातडीतून गळ सहज निघतो.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी नागपूरहून एसटीने निघालो. वर्धा, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा सरळ रस्ता आहे, आता मोठा आणि गुळगुळीत झालाय. सहा-सात तास धरा. रॉड हाताएवढ्या लांब नळीत होता. ती मी मांडीवर आडवी धरून बसलो होतो. यवतमाळला चढलेल्या कंडक्टरने तिकीट तपासता तपासता विचारलं, "नळीत काय हाये?"

"मासे धरायची काठी."

"मंग मासे कुठं हायेत?"

"अजून धरायचेत."

"म्हणजे जाऊन राह्यले. मले वाटलं येऊन राह्यले." मागच्या बाकावरचे दोघे-तिघे हसले. आर्णीला गाडी थांबली तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने मला आलुबोंडा खाऊ घातला आणि पैसे देऊ दिले नाहीत. आर्णीनंतर दोन्ही बाजूंना कापसाची शेवटची वेचणी चालली होती, तुरीचे ढीग पडले होते, आणि मधूनच एखादा पळस पेटल्यासारखा. महागाव मागे पडलं तसा मी ताईला काय सांगायचं ते मनात जुळवू लागलो.

उमरखेडला भाऊजी स्कूटर घेऊन आले होते. तिथून ढाणकी अर्ध्या-पाऊण तासाच्या रस्त्यावर. मुक्कामासाठी उमरखेडला साध्या लॉज आहेत, ढाणकीला ओळखीचं घर लागतं.

ताई समोरच्या खोलीत बसली होती, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. केस परत आले होते, आखूड आणि कुरळे. पूर्वी ते सरळ होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला. मी पाया पडलो. तिने डाव्या हाताने माझ्या डोक्याला स्पर्श केला. मी नळी उघडून रॉडचे तुकडे जोडायला लागलो, भराभरा समजावून सांगायला लागलो. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "कायले आणलं हे?"

"तुझ्यासाठी. डॉक्टरबाईंना विचारलंय मी."

"नांदेडले होती तवा एक दिवस आलतास. आता काठी घेऊन आलास." आवाज चढलेला नव्हता. "ठेव तिकडे. हातपाय धू. भाकर खाऊन घे."

भाऊजी स्वयंपाकघरातून बाहेर डोकावले आणि परत आत गेले. ज्वारीची भाकरी आणि पाटवड्यांचा रस्सा त्यांनीच केला होता. रस्सा इतका जाळ होता की डोळ्यांतल्या पाण्याचं कारण कुणाला सांगावं लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी एकटाच घरामागच्या मोकळ्या जागेत गेलो. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला आणि दोरी फेकायला लागलो. हिमाचलात गुरू शेजारी होता, इथे कुणी नव्हतं. दोरी माझ्या कानावर, पाठीवर, एकदा तर पेरूच्या झाडावर. अर्धा तास झाला असेल. मागच्या दारातून आवाज आला.

"मनगट काहून हालवून राह्यला?"

ताई दारात उभी होती. मी म्हणालो, "जमत नाही."

"जमल कसं? काठी मांगं नेली की थांबावं लागते ना थोडं. दोरी मांगं सरळ तर होऊ दे. तू अर्ध्यातूनच पुढे आणतोस."

पैसे देऊन तीन दिवस जे शिकलो होतो, ते तिने दारातून पाहून सांगितलं. मी मुद्दाम नाही, खरंच परत चुकलो. चौतीस वर्षं शिकवलेल्या बाईला चुकीचं उत्तर फळ्यावर बघवत नाही. ती दोन पायऱ्या उतरली. "आण इकडे."

डाव्या हाताने घेऊ लागली. मी म्हणालो, "उजव्या." तिने माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. तिने उजव्या हातात घेतला, आणि पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "अरे, हे तर काहीच नाही," ती म्हणाली. वजनाबद्दल.

सुरुवातीला कोपर बरगडीला चिकटलेलंच होतं. दोरी सहा-सात हात जाऊन पडायची. पण ती मागे थांबायची, बरोब्बर थांबायची, आणि दोरी हवेत सरळ व्हायची. दहा मिनिटांनी मी बंद करायला लावलं. संध्याकाळी तिने स्वतःहून विचारलं, "ते दहा मिनिटं दिवसातून एकदाच का?"

ढाणकीपासून काही किलोमीटरवर एक लहान तलाव आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथली मासळी स्थानिक मच्छीमार संस्थेची आहे आणि तीच त्यांची रोजी. तुम्ही जाल तिथे आधी संस्थेच्या माणसाला भेटा. आणि पैनगंगेच्या अभयारण्याच्या हद्दीत तर गळ काढूच नका, बंदी आहे. आमच्या ओळखीचा माणूस होता महादेवभाऊ, संस्थेचा जुना सभासद. त्याच्या दोन्ही पोरी ताईच्या हाताखाली शिकलेल्या. शनिवारी सकाळी भाऊजींच्या स्कूटरवरून आम्ही तिघं पोचलो तर तो काठावर जाळं वाळवत होता.

"जय भीम बाई! लय दिवसानं दिसल्या." मग त्याने पिसांचा किडा तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिला. "याले मासा खाईल?"

"खाईल म्हणतो हा," ताईने माझ्याकडे बोट केलं.

"आन् धरला तर?"

"सोडून देऊ."

"सोडाले धरता?" महादेवभाऊ भाऊजींकडे वळला. "मास्तरलोकाईचं काही समजत नाही बाप्पा."

पाणी अगदी स्तब्ध होतं. ताईने पूर्ण बाह्यांचा ब्लाउज आणि वर भाऊजींचा शर्ट घातला होता. विसेक फेकींनंतर दोरीचं टोक थरथरलं. मी ओरडलो, "उचल!" आणि तिने हात उचलला. कोपर बरगडीपासून सुटलं, हात खांद्याच्या वर गेला. तळहाताएवढी चिलापी पाण्यातून उसळली. महादेवभाऊ पोट धरून हसला, "एवढ्याशा मासोळीसाठी एवढं सामान!" ताईही हसली. भाऊजी मात्र मासा पाहतच नव्हते. ते तिच्या हाताकडे पाहत होते.

तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, अजून एक. आणि तोवर वारा सुटला. हलक्या रॉडची हलकी दोरी मागून वाकडी आली आणि गळ ताईच्या छातीशी, शर्टातून आत ब्लाउजमध्ये रुतला. उजव्या बाजूला. मी धावलो. ती मागे सरकली. "हात लावू नको."

"ताई, टोचलं असेल, पाहू दे..."

"हात लावू नको म्हटलं ना!"

भाऊजीही जागच्या जागी थांबले. तिचा चेहरा पांढरा पडला होता. फिजिओबाईंचं बोलणं माझ्या कानात घणघणत होतं आणि मी तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, काही न करता. तेवढ्यात बांधावरून एक बाई खाली आली. पलीकडच्या तांड्यातली, चाळिशीची, शेळ्या चारत होती. बराच वेळ आमचा खेळ पाहत असणार. "बाई, मी काढू का?" तिने ताईला विचारलं, आणि आम्हाला म्हणाली, "तुमी तिकडे तोंड करा."

आम्ही तिघांनी पाण्याकडे तोंड केलं. मागे कापडाची सळसळ झाली. मग ती बाई म्हणाली, "नाही लागलं. आतल्या कापसात फसला हाये." त्या बाजूला ताई ब्लाउजमध्ये कापसाची घडी ठेवते, हे मला तेव्हा कळलं. थोड्या वेळाने: "बाई... हे काय झालं तुमाले?"

मला वाटलं ताई खोटं सांगेल, टाळेल. गेल्या दीड वर्षात तिने शेजारणीलाही सांगितलं नव्हतं. पण ताईचा आवाज आला, वर्गातला, स्पष्ट. "कॅन्सर झालता मले. काढून टाकलं. आता बरी आहो."

मग ती बाई अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "माह्याबी गाठ हाये. काखेपाशी. दिवाळीपासून. दुखत नाही, म्हून कोणाले सांगतलं नाही."

"घरी कोणालेच नाही?"

"काय सांगू? भेव लागते."

"नाव काय तुझं?"

"कमला."

"कमला, हे पाह्य इकडे." परत कापडाची सळसळ. "मी जिवंत आहो ना? मंग. सोमवारी तुले घेऊन जातो दवाखान्यात. तुह्या घरी मी येतो सांगाले, आजच."

आम्हाला परत इकडे तोंड करायला सांगितलं तेव्हा दोघी शेजारी शेजारी दगडावर बसल्या होत्या. गळ कमलाबाईच्या हातात होता, तिने तो ओढणीच्या टोकाला जपून टोचून ठेवला होता. मी तो घेतला आणि रॉड सोडून नळीत भरला. त्या दिवशी परत कुणी मासे धरले नाहीत.

ताई खरंच तांड्यावर गेली. भाऊजी आणि महादेवभाऊ कमलाबाईबरोबर पायवाटेने निघाले, ती माझ्या मागे स्कूटरवर बसली. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "तू परत आला नाहीस, त्याचा राग हाये मले. अजून हाये."

"माहीत हाये."

"दुकान होतं म्हणे."

मी स्कूटर हळू केली. "दुकान नव्हतं, ताई. सुट्टी मिळाली असती. मले भेव लागलं. तुले तसं पाहवत नव्हतं."

रस्ता खराब होता, तिने तोल सांभाळायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुठला, ते मी वळून पाहिलं नाही.

कमलाबाईचा नवरा आधी चिडला, मग घाबरला, मग कोपऱ्यात जाऊन बसला. ताईने त्याला विद्यार्थ्यासारखं समोर बसवून सगळं समजावलं. कुठे जायचं, कोणती तपासणी, कोणती कागदं. तासभर. निघताना तिने कमलाबाईकडे पाणी मागितलं आणि तिथेच बसून प्यायली.

रविवारच्या गाडीने मी परतलो. रॉड ढाणकीलाच ठेवला. आता कुणी विचारलं की मी सांगतो: हिशेब माशाचा नको, हाताचा करा. निरोगी माणसाने पाच नंबर घ्यावा, वाऱ्यात तोच कामाला येतो, आणि आमच्या तलावावर त्या दिवशी तो असता तर गळ कदाचित रुतला नसता. पण खांदा कमजोर असेल तर चार नंबर, सकाळची वेळ, बिनकाट्याचा गळ, आणि वारा आला की गुंडाळा. माझ्यासारखं "अजून एक" म्हणू नका. मला त्या चुकीचा पश्चात्ताप आहे. तिच्यातून जे घडलं त्याचं श्रेय मात्र मी घेणार नाही, ते दोघी बायकांचं.

पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला. कमलाबाईला घेऊन ती यवतमाळला दोनदा जाऊन आली होती. सुईने तपासणी झाली. गाठ साधी निघाली, काढून टाकायची आहे, पण घाबरण्यासारखी नाही. हे सांगताना ताई रडली, स्वतःच्या रिपोर्टच्या वेळी ती रडली नव्हती असं भाऊजी म्हणतात. तांड्यातल्या आणखी तीन बायका तिच्याशी बोलायला येऊन गेल्या म्हणे. व्यायाम? "करून राह्यली," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात तिची स्वतःची नांदेडची तपासणी आहे, हे मला भाऊजींकडून कळलं होतं. ती विचारणार नाही, हेही माहीत होतं.

"ताई, नांदेडले मी येऊ का?"

"ये," ती म्हणाली. "पण दोन दिवसाची सुट्टी काढून येजो. एका दिवसात काही होत नाही तिथं."

दुसऱ्या दिवशी मी मालकांकडे तीन दिवसांची मागितली.